पाहता आलं नाही

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण ऑफिसातल्या मॅडम. त्यांनी आज माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचून दाखवला. दुमजली घर, एक जोडपं विकत घेणार, त्याआधीची तपासणी मी, म्हणजे कंपनीच्या इन्स्पेक्टरने, केलेली. 'पॅनेल रंगाने बंद, आत पाहता आलं नाही' हे वाक्य रिपोर्टात नऊ वेळा आलंय, असं त्या म्हणाल्या. घर घेणाऱ्यांनी म्हणे फोन करून विचारलं की तुमचा माणूस घरात शिरला होता की फाटकावरूनच परत गेला. सगळे हसले. घरी येऊन मी ते वाक्य मोजलं. अकरा वेळा आलंय. मॅडमना धड मोजताही येत नाही.

यात माझा काय दोष? भिंतीत एक छोटं चौकोनी झाकण ठेवलेलं असतं. त्याच्या मागे पाण्याचे व्हॉल्व्ह, पाइपांचे सांधे, कुठे वायरी. ते उघडून आत डोकावता यावं एवढ्यासाठीच ते असतं. आणि रंगारी काय करतो? भिंतीबरोबर त्यालाही रंगवून मोकळा! दर चार-पाच वर्षांनी पुन्हा एक हात. शेवटी झाकण आणि भिंत एकजीव. मालकाच्या परवानगीशिवाय रंग कापायचा नाही, हा नियम. मग आम्ही लिहितो, पाहता आलं नाही. बावीस वर्षं मी हे वाक्य लिहितोय आणि ते एकदाही खोटं ठरलेलं नाही.

जगातल्या निम्म्या गळत्या रंगाऱ्यांमुळे होतात. हे मी अनुभवाने सांगतो, कारण आमच्या नात्यात एक रंगारी आहे. बायकोचा धाकटा भाऊ.

संकल्प: यापुढे एकही पॅनेल न उघडता सोडायचं नाही. आदल्या दिवशी मालकाला फोन करून परवानगी घ्यायची. नवी सुरी घ्यायची, पातळ पात्याची. आणि रोजनिशी रोज लिहायची.

७ फेब्रुवारी

मधले तीन दिवस कामाचे होते.

सुरी आली. बघत राहावी अशी आहे. मी अंघोळ करून येईपर्यंत हिने त्याच सुरीने तिचा खोका कापून, घडी करून रद्दीत टाकला होता. पहिला मान माझा होता, असं मी म्हणालो. मग रद्दी तुम्ही कापा, असं ही म्हणाली.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे मास्तर आले. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून समोरचा माणूस बाकावर बसलाय अशा आवाजात बोलतात. त्यांच्या छतावर ओलीचा डाग पडलाय, बरोबर आमच्या बाथरूमखाली. त्यांनी डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली आहे. रोज नवी रेघ. आतापर्यंत चार झाल्या. तुम्ही तर यातलेच जाणकार, असं म्हणाले. मी म्हटलं, आठवड्यात लावतो निकाल.

ही म्हणाली की पॅनेल सापडलं तर व्हॉल्व्ह बंद करता येईल आणि मग प्लंबरला दुरुस्ती करता येईल. बरोबर आहे. पण पॅनेल कुठे आहे हे आम्हाला माहीत नाही. सात वर्षांपूर्वी घर ताब्यात घेतलं तेव्हा बिल्डरच्या माणसाने सगळं दाखवलं होतं, मी तेव्हा फोनवर होतो. दुसऱ्या कुणाच्या तरी घराची तपासणी ठरवत होतो. आपलं घर निवांत तपासू म्हटलं, ते राहिलंच.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाथरूममध्ये शोध. बेसिनच्या उजव्या हाताला असायला हवं, बहुतेक घरांत तिथेच असतं. टकटक केली. सगळीकडून सारखाच आवाज. दुपारी झोप.

हिचा पन्नासावा वाढदिवस एक मार्चला आहे. काय हवं, असं मोठ्या मनाने विचारलं. ही म्हणाली, काही नको, माझा भाऊ या घरात, या टेबलावर बसून जेवायला हवा. एवढं बोलून वाटाण्याच्या शेंगा सोलायला लागली. सोललेले वाटाणे सालांत टाकत होती आणि सालं भांड्यात. मी ते तिच्या लक्षात आणून दिलं. तेव्हा उठून आत गेली.

मी कुणाला अडवलंय का? त्याने चूक कबूल करावी आणि यावं. सहा वर्षांपूर्वी त्याने हे सगळं घर रंगवलं. चार महिन्यांनी नळाचा वॉशर बदलायचा होता, तर पॅनेल गायब. रंगाखाली गाडलेलं! गच्चीवरचा कॉक बंद करून काम भागवावं लागलं, बिल्डिंगमधल्या चारही घरांचं पाणी गेलं, लोकांची बोलणी मी खाल्ली. मग सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले असताना मी तो विषय काढला. मेव्हणा म्हणाला, दाजी, पॅनेल मी नाही रंगवलं. चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, मग भिंतीने आपापलाच रंग लावून घेतला का? काय हशा पिकला! तो ताटावरून उठून गेला. तेव्हापासून आमच्या घरी पाऊल नाही. विनोद समजायलाही अक्कल लागते.

१० फेब्रुवारी

पहिली तपासणी, संकल्पानंतरची. मालकाला आदल्या दिवशी फोन करायचा राहिला. तरीही सुरी चालवली, कारण संकल्प संकल्प असतो. कडेने छान कापत आणलं. झाकण ओढलं तर रंगही बरोबर आला. येतच राहिला. थेट खिडकीपर्यंत हातभर रुंद पट्टा सुटला. हा रंग मुळातच धरलेला नव्हता, असं मी मालकाला समजावून सांगितलं. त्याला ते पटलं नाही. पॅनेलच्या आत सगळं ठीक होतं, ही गोष्ट मात्र कुणी लक्षात घेत नाही.

मॅडम म्हणाल्या, यापुढे लेखी परवानगी. फॉर्म छापून दिला. मी फॉर्मातली एक चूक दाखवली. त्यांनी आणखी दहा फॉर्म माझ्या हातात ठेवले.

१२ फेब्रुवारी

मास्तरांच्या छतावर नऊ रेघा. त्यांनी फोटो काढून पाठवला, शेजारी फूटपट्टी धरून.

ही म्हणाली, तिला अंधूक आठवतंय, बिल्डरच्या माणसाने पॅनेल बाथरूममध्ये नाही, बाहेर पॅसेजच्या भिंतीवर दाखवलं होतं. हिला दिशा कळत नाहीत. डावीकडे वळा म्हणते आणि हात उजवीकडे करते. शिवाय पॅसेजची भिंत म्हणजे घरातली एकमेव भिंत जिची खात्री मी देऊ शकतो. मेव्हण्याने काम संपवलं त्या संध्याकाळी मी पाहिलं, तर त्या भिंतीवर हातभर तुकडा कोराच सोडून गेला होता. पॅसेजमध्ये दिवा नव्हता तरी माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्याच्याच उरलेल्या डब्यातून मी स्वतः अख्ख्या भिंतीवर दोन हात मारले. आजही पाहुणे म्हणतात, पॅसेजचा रंग बघा कसा एकसारखा बसलाय. तिथे पॅनेल असतं तर मला दिसलं नसतं का?

१४ फेब्रुवारी

दुसरी तपासणी. लेखी परवानगी खिशात. जिन्याखाली भिंतीवर चौकोन दिसला, टॉर्च लावून पाहिला, कडा स्पष्ट. मालकीणबाईंना म्हटलं, आता बघाच. चारी बाजूंनी सरळ रेषेत कापलं. इतका सरळ चौकोन मी आयुष्यात कापलेला नाही. मग सुरी आत घालून उचकटलं. आत विटा. त्या जागी म्हणे वीस वर्षं मोठा फोटो टांगलेला होता, त्याचा डाग होता तो. हे आधी सांगायला नको? त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाहीत. खरं तर चौकोन दिसला की पॅनेल समजावं, हेच शास्त्र आहे.

सुरीचं टोक तुटलं.

घरी सांगितलं नाही. ही म्हणाली, आज खूष दिसता. मी म्हटलं, कामात समाधान आहे.

१७ फेब्रुवारी

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना रंगाखालचं पॅनेल कसं शोधावं ते शिकवलं. समोरून टॉर्च मारायचा नाही. भिंतीला चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे कडेची बारीकशी रेघसुद्धा सावली टाकते. मग तळहात फिरवायचा, डोळे मिटून. हात खोटं बोलत नाही. सगळे मन लावून ऐकत होते. मॅडमनी विचारलं, तुमच्या घरच्या गळतीचं काय झालं? त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, शोध अंतिम टप्प्यात आहे.

संध्याकाळी बाथरूममध्ये टॉर्च आडवा धरून पाहिला. प्रत्येक टाइलच्या कडेची सावली पडली. एकूण दोनशे सोळा टाइल्स. त्यांतल्या एकीवर संशय आला म्हणून काढली. संशय खोटा होता. टाइल परत बसत नाही.

१९ फेब्रुवारी

तिसरी तपासणी. आता सावधगिरी. सुरी पिशवीतून काढलीच नाही. स्वयंपाकघरात ओट्याखाली पॅनेल, रंगवलेलं. हात लावला नाही, फक्त पाहून लिहिलं: रंगाने बंद. मालकाची आई शेजारी स्टुलावर बसून लोकर विणत होती. तिने सुईच्या टोकाने झाकणाचा कोपरा दाबला. टक्कन उघडलं. ती म्हणाली, रोज उघडते मी, आत पिशव्या ठेवते.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आठ दिवस ऑफिसातच बसून जुने रिपोर्ट फाइल करा म्हणाल्या. अनुभवी माणसाशिवाय हे काम कुणाला जमणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण अर्थ तोच.

२१ फेब्रुवारी

मास्तर वर आले. डागाच्या रेघा आता ट्यूबलाइटला टेकल्यात. मास्तर संतापले नाहीत, हळू आवाजात बोलले, ते जास्त लागलं. त्यांच्या बायकोला दम्याचा त्रास आहे, ओलीच्या वासाने ती दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली आहे. येत्या आठवड्यात नक्की, म्हणालो. मास्तर म्हणाले, सात तारखेलाही तुम्ही आठवडाच म्हणाला होता.

ते गेल्यावर ही म्हणाली, माझ्या भावाला बोलावू का? त्यानेच रंगवलंय, त्याला अर्ध्या मिनिटात सापडेल. मी म्हटलं, ज्याने गाडलं त्यालाच खणायला बोलावून त्याचा सत्कार करायचा का? ही म्हणाली, सहा वर्षांत तुम्ही एकदा तरी त्याचं ऐकून घेतलंत का? मी म्हटलं, ऐकण्यासारखं तो बोलला कुठे? मग ही म्हणाली, आई गेली तेव्हा तो बाहेर पायरीवर बसून होता, तुम्ही आत होता म्हणून. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे तो पायरीवर बसलेला मी पाहिला होता. मला वाटलं हवा खायला बसलाय.

२२ फेब्रुवारी

सकाळपासून कालचं डोक्यात. संकल्प: वाढदिवसाला त्याला बोलवायचं. मोठेपणा मी दाखवायचा. तो आला की सगळ्यांसमोर म्हणायचं, झालं गेलं विसरून जा, मी तुला माफ केलं. हिला सांगितलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. तिने कपाळावर हात मारला.

२५ फेब्रुवारी

बाथरूमच्या आणखी चार टाइल्स निघाल्या. आता तिथे अंघोळ करताना चप्पल घालावी लागते. ही म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा, पॅसेज का बघत नाही? मी तिला शांतपणे पुन्हा समजावलं की ती भिंत माझी आहे.

तिने पॅसेजच्या भिंतीच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. ओल होती. ओल कुठूनही सरकत येते, असं मी सांगितलं. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

२७ फेब्रुवारी

सकाळी आठ. पॅसेजमध्ये पाणी. ओल नव्हे, पाणी. खालच्या पट्टीतून वाहतंय. गच्चीवर धावलो, कॉक गंजून बसलाय, फिरत नाही. खालून मास्तरांची हाक. डागातून थेंब पडतायत, बादली लावली आहे. हिने मला काही विचारलं नाही. फोन उचलला आणि फक्त एवढंच म्हणाली, ये रे.

तो वीस मिनिटांत आला. सहा वर्षांनी, पण वीस मिनिटांत. केस पिकलेत. दारात चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. माझ्याकडे टॉर्च मागितला. दिला. बाथरूमकडे वळूनही पाहिलं नाही. पॅसेजच्या भिंतीला टॉर्च चिकटवून आडवा धरला, डोळे मिटले आणि तळहात फिरवायला लागला. ही पद्धत मी ऑफिसात शिकवली होती. आत्ता आठवतंय, मला ती त्यानेच दाखवली होती, आमच्या लग्नानंतरच्या वर्षी.

तिसऱ्या फेरीला हात थांबला. सुरी मागितली. माझी बिनटोकाची होती, ती बघून परत केली आणि खिशातून रंगकामाची आपली जुनी पत्र्याची पट्टी काढली. चारी कडा मोकळ्या केल्या. घाई नाही, ओढाताण नाही. ओलीने रंग सुटलेलाच होता. माझ्या रंगाचे दोन्ही हात दुधावरच्या सायीसारखे एकदम निघून त्याच्या हातात आले.

खाली रंग नव्हता. कोरं झाकण होतं, आणि त्यावर जाड पेन्सिलीने, त्याच्या तिरक्या अक्षरात:

दाजी, ह्यावर रंग मारू नका. मागे व्हॉल्व्ह आहे. कडा मोकळ्या ठेवल्यात.

खाली तारीख. काम संपवलं त्या दिवसाची.

तो वाचत थांबला नाही. झाकण काढून हात आत घातला, व्हॉल्व्ह फिरवला. पाणी थांबलं. घर एकदम शांत झालं. ही झाकण हातात घेऊन उभी होती. मास्तर वर आले होते, त्यांनी चष्मा लावला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं, वर्गात वाचतात तसं. मग माझ्याकडे पाहून चष्मा काढला.

मेव्हणा काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. प्लंबरचा नंबर हिला लिहून दिला, पॅसेजमधलं पाणी फडक्याने निपटलं आणि गेला. चहा घेतला नाही.

२८ फेब्रुवारी

प्लंबर येऊन सांधा बदलून गेला. मास्तरांची बायको परत आली. ही माझ्याशी बोलते, पण मीठ-साखरेपुरतं.

दुपारी रिपोर्ट लिहायला घेतला. माझ्या घराचा, सात वर्षांनी. पॅनेल: पॅसेजची भिंत. स्थिती: रंगाने बंद. सूचना: झाकणावर स्पष्ट लिहिलेली होती. रंग लावणारा. इथे थांबलो. अंधार होता, डबा उरला होता, घाई होती, अशी तीन कारणं लिहिली आणि तिन्ही खोडली. मग लिहिलं, मी. पुढचा रकाना 'आत पाहता आलं का' असा आहे. त्यात काय लिहावं ते कळेना. त्याचं म्हणणं सहा वर्षं माझ्या भिंतीवरच होतं, आणि मी येता-जाता त्याला पाठ घासत होतो. पाहता आलं नाही, हे वाक्य पहिल्यांदाच खोटं ठरलं. मी पाहिलंच नाही.

१ मार्च, रविवार

पहाटे लवकर उठलो. माफीचं भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिलं वाक्य 'तुझंही थोडं चुकलं' असं येत होतं. आरसा सोडला. पेन्सिल घेऊन पॅसेजमध्ये गेलो आणि झाकणावर त्याच्या अक्षराखाली लिहिलं: वाचलं. फार उशिरा. चूक सगळी माझी. खाली सही आणि तारीख, रिपोर्टात करतो तशी.

हिने सकाळी ते पाहिलं. चहात साखर आज बरोबर होती.

हिने त्याला जेवायला बोलावलं होतं, पण तो येईल की नाही याची मला खात्री नव्हती. दुपारी एकला आला, बहिणीसाठी साडी घेऊन. मी दार उघडलं. नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. तो पॅसेजमध्ये उभा राहिला. वाचायला चार ओळी, पण बराच वेळ लागला. मग म्हणाला, इन्स्पेक्टरची सही आहे म्हणजे पक्कं. आणि हात धुवायला गेला. उचकटलेल्या टाइल्स बघून आतून त्याचं हसू ऐकू आलं. सहा वर्षांनी ऐकलं. मलाही हसू आलं, आणि मग ते हसूच आहे की काय कळेना म्हणून मी पाणी आणायला गेलो.

टेबलावर बसून जेवला. दोनदा वाढून घेतलं. ही त्याच्या समोर बसून नुसती बघत होती, स्वतःचं ताट विसरून.

जेवण झाल्यावर पॅसेजचा विषय निघाला. भिंत खराब दिसते, पुढच्या रविवारी रंगवून टाकतो, फक्त झाकण सोडून, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मीही येतो मदतीला. दोघं भावंडं एकाच वेळी नको म्हणाली.